मोठा पडदा आणि आपला सोपा

आपल्या देशात दूरचित्रवाणी १९५९ साली दिल्लीत सुरू झाली, मुंबईला ती १९७२ मध्ये पोहोचली आणि तिला रंग चढले १९८२ साली. त्या काळी संच घेणाऱ्यापुढे मुख्य प्रश्न एकच असे, पैसे आहेत की नाहीत? आज घरातच चित्रपटगृह उभे करू पाहणाऱ्यापुढे प्रश्नांची रांग असते : पंचावन्न इंची की पासष्ट, फोर-के की एट-के, क्यूएलईडी की ओएलईडी? साठ-सत्तर हजार ही मध्यमवर्गीय घरात लहान रक्कम नव्हे. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन थोडा अभ्यास घरीच करणे बरे.

प्रथम आकार. इंचांचा आकडा रुंदीचा नसून कर्णाचा असतो. ६५ इंची पडदा सुमारे १४४ सेंटिमीटर रुंद व ८१ सेंटिमीटर उंच भरतो. ५५ आणि ६५ यांत फरक दहाचाच दिसतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढते. चित्रपटगृहाचा भास हवा असेल तर पडद्याने आपल्या दृष्टीचा निदान ३० अंशांचा कोन व्यापावा, असा तंत्रज्ञांचा संकेत आहे. सोप्या भाषेत, बसण्याचे अंतर कर्णाच्या सुमारे १.६ पट असावे. आपल्याकडे सोपा बहुधा दहा बाय बाराचा. टीव्ही एका भिंतीला आणि कोच समोरच्या भिंतीला लावला की डोळ्यांपासून पडदा साधारण नऊ फुटांवर येतो. नऊ फूट म्हणजे १०८ इंच, त्याला १.६ ने भागले की ६७ येतात. म्हणजे ६५ इंची संच, जो पाहून आजी म्हणेल की एवढा कशाला, तो या खोलीला बरोबर आहे. ४३ इंची संचावर तोच परिणाम हवा असेल तर खुर्ची पावणेसहा फुटांवर, थेट सोप्याच्या मध्यावर ओढावी लागेल.

आता बिंदूंचा हिशेब. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख बिंदू असतात. फोर-केमध्ये त्याच्या चौपट, ८३ लाख. एट-केमध्ये पुन्हा चौपट. परंतु निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे ओळखू शकत नाही. नऊ फुटांवर हे अंतर सुमारे ०.८ मिलिमीटर येते. ६५ इंची फुल एचडी पडद्यावरील बिंदूच मुळी ०.७५ मिलिमीटरचा! फोर-के आज मोठ्या संचांत सर्रास मिळते, ते घ्यावे. पण आपल्या सोप्यात एट-केसाठी जास्तीचा एक रुपयाही देण्यात मला अर्थ दिसत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. केबलवरील साध्या, एचडी नसलेल्या वाहिनीच्या चित्रात ५७६च ओळी असतात. ६५ इंची पडद्यावर ताणल्यावर एकेक ओळ १.४ मिलिमीटरची होते आणि चित्र पसरट, धुरकट दिसू लागते. घरात दिवसभर अशाच वाहिन्या चालणार असतील तर मोठा पडदा घेऊन चित्र बिघडवून घेतल्यासारखेच होईल.

खरा फरक मात्र काळ्या रंगात आहे आणि दुकानदार त्याविषयी क्वचितच बोलतो. रुंद पडद्यासाठी, म्हणजे २.३९ : १ या प्रमाणात काढलेला चित्रपट घरच्या १६ : ९ पडद्यावर लावला की वर-खाली काळे पट्टे राहतात आणि पडद्याचा चतुर्थांश भाग त्यांतच जातो. ‘श्यामची आई’सारखा १९५३ चा चौकोनी चित्रपट लावला तर तेवढेच पट्टे दोन्ही बाजूंना येतात. एलईडी म्हणून विकला जाणारा संच वास्तविक एलसीडीच असतो. मागे दिवे, पुढे तो प्रकाश अडवणारे द्रवस्फटिक. अडवणे पुरते साधत नाही, प्रकाश झिरपतो आणि काळ्याचे राखी होते. क्यूएलईडी याच कुळातील. त्यात रंग अधिक शुद्ध येतात, पण केवळ नाव बदलल्याने काळे अधिक काळे होत नाही. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो व स्वतःच विझतो, म्हणून तेथे काळे म्हणजे काळेच. मात्र किंमत भारी, आणि वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह रोज तासन् तास एका जागी राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटण्याची भीती. मधला मार्ग म्हणजे मागचे दिवे गटागटाने मंद करणारा संच. ‘लोकल डिमिंग’ या नावाने तो मागावा. दुकानाच्या लखलखाटात सर्वांत भडक संच नेहमीच जिंकतो. म्हणून चित्र ‘सिनेमा’ या मांडणीवर आणायला सांगून, शक्य तर जवळचे दिवे मालवून, काळे पट्टे नीट पाहावेत.

आवाजाकडे तर बहुतेकांचे लक्षच नसते. संच बोटाएवढा पातळ झाला, त्यात भोंग्याला जागा कुठली? ‘५.१’ मधील पाच म्हणजे समोर तीन व बाजूंना किंवा मागे दोन भोंगे, आणि ‘.१’ म्हणजे खर्जाचा एक डबा. संवाद बहुतांशी मधल्या भोंग्यातून येतात. अंदाजपत्रक ऐंशी हजारांचे असेल तर वीस हजार आवाजासाठी राखावेत, असे माझे मत आहे.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने किमतीवर थोडे बोलतो. ३२ इंचांवरील संचांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे किंमत दहा टक्क्यांनी उतरावी, असे पुष्कळांना वाटते. पण १२८ चे ११८ झाले, तर घट ७.८ टक्केच होते. आणि तो ‘बिनव्याजी’ हप्ता! साठ हजारांचा संच क्रेडिट कार्डावर पाच हजारांच्या बारा हप्त्यांत घेतला आणि बँकेचा दर १५ टक्के धरला, तर कर्ज प्रत्यक्षात सुमारे ५५,४०० रुपयांचे ठरते. उरलेले ४,६०० व्याज असते. तेवढी सूट विक्रेत्याच्या बाजूने आधीच दिलेली असते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८३० रुपये, शिवाय बँकेचे शुल्क लागले तर तेही आपल्याच माथी. रोखीने घेणाऱ्याने तीच सूट खुशाल मागावी; मिळतेच असे नाही, पण मागितल्याशिवाय तर मुळीच मिळत नाही.

शेवटी एक घरगुती गोष्ट. ६५ इंची संचाचे खोके दीड मीटरहून रुंद असते आणि ते उभेच न्यावे लागते, आडवे झोपवू नये. जुन्या गल्लीतील घर असेल तर जिन्याचे वळणही त्याच मोजपट्टीने मोजून ठेवावे.