रणांत पडलेल्यांचीं नांवें

पानिपतच्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांस कशी कळली, ही गोष्ट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं इतिहासाच्या तासास ऐकली असेल. १७६१ सालीं एका सावकाराचें सांकेतिक पत्र त्यांच्या हातीं पडलें. त्यांत मोठ्या सरदारांस मोत्यें आणि मोहरा म्हटलें असून त्यांचा आंकडाही नेमका दिला होता. खुर्दा किती गेला त्याची मात्र गणतीच नाहीं, असा पत्राचा आशय होता. खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई. हा खुर्दा मोजण्याचें काम पुढें वर्तमानपत्रांनीं हातीं घेतलें, आणि तेव्हांपासून युद्धांतील मृतांचीं नांवें व छायाचित्रें हा राजकारणाचा विषय झाला. त्याविषयीं आम्ही येथें थोडेसें लिहिणार आहों.

याचीं बोलकीं उदाहरणें अमेरिकेंत सांपडतात. कारण तेथें वर्तमानपत्रांस स्वातंत्र्य मोठें, आणि युद्धेंही पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धांत तो देश १९४१ च्या डिसेंबरांत उतरला. त्यानंतर सुमारें पावणेदोन वर्षें आपल्या मृत सैनिकांचीं छायाचित्रें छापूं देण्यास तेथील सरकार तयार नव्हतें. लोकांचें धैर्य खचेल, ही भीति. १९४३ त वारें फिरलें. विजयाच्या बातम्या येऊं लागल्या तसे लोक निर्धास्त होत चालले आहेत, त्यांस युद्धाची झळ कळत नाहीं, असें अधिकाऱ्यांस वाटूं लागलें. आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या संमतीनें ही बंदी सैल करण्यांत आली. २० सप्टेंबर १९४३ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकांत जॉर्ज स्ट्रॉक यांनीं न्यू गिनी बेटांतील बूना येथें घेतलेलें एक चित्र प्रसिद्ध झालें. समुद्रकांठच्या वाळूंत तीन अमेरिकन सैनिक मरून पडलेले आहेत. चेहरा कोणाचाही दिसत नाहीं, आणि नांव कोणाचेंही दिलेलें नाहीं. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आधीं असें चित्र लपविलें तें लोकांचा निश्चय टिकावा म्हणून, आणि नंतर दाखविलें तेंही त्याचसाठीं. प्रेतें तशींच होतीं. गरज बदलली होती.

व्हिएतनामच्या युद्धांत याच साप्ताहिकानें निराळा मार्ग धरला. २७ जून १९६९ च्या अंकांत त्यानें एका आठवड्यांत मेलेल्या २४२ अमेरिकनांचीं नांवें आणि मिळाले तितक्यांचे चेहरे पानामागून पान छापले. टीकाटिपणी फारशी नव्हती. तिची जरूरही नव्हती. एकेक तरुण चेहराच वाचकांकडे पाहत होता.

परदेशीं मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या शवपेट्या डेलावेअर संस्थानांतील डोव्हर येथील विमानतळावर उतरतात. डिसेंबर १९८९ मध्यें पनामावर स्वारी झाली, तेव्हां कांहीं टेलिव्हिजन कंपन्यांनीं पडदा दुभागून एका बाजूस या पेट्या आणि दुसऱ्या बाजूस पत्रकारांशीं थट्टा करीत असलेले अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) दाखविले. शेजारीं काय दिसत आहे याची अध्यक्षांस कल्पना नव्हती, आणि पुढें त्यांनीं याबद्दल नाराजीही दाखविली. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळीं डोव्हर येथें छायाचित्रें घेण्यास मनाई करण्यांत आली. मृतांच्या आप्तांचें दुःख चव्हाट्यावर येऊं नये, हें कारण देण्यांत आलें. तें कारण अगदींच खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. रडणाऱ्या आईच्या तोंडासमोर यंत्र धरणाराची आम्हांसही चीडच येते. परंतु दाखवावें कीं न दाखवावें ही निवड त्या आईच्या हातीं ठेवली नव्हती. ती सरकारनें आपल्याकडे घेतली.

ही मनाई असतांनाच इराकचें युद्ध आलें. ३० एप्रिल २००४ रोजीं ‘नाइटलाइन’ या कार्यक्रमांत टेड कॉपेल यांनीं इराकच्या लढाईंत मेलेल्या ७२१ अमेरिकनांचीं नांवें एकामागून एक वाचून दाखविलीं. प्रत्येक नांवाबरोबर चेहरा. सिंक्लेअर नांवाच्या कंपनीनें आपल्या केंद्रांवरून हा कार्यक्रम दाखविण्याचें नाकारलें. हें श्रद्धांजलीच्या मिषानें चाललेलें राजकारण आहे, असें तिचें म्हणणें. यावर सरकारपक्षाचेच, आणि युद्धाला पाठिंबा देणारे, सिनेटर जॉन मॅकेन यांनीं कंपनीचा जाहीर निषेध केला. मॅकेन हे स्वतः व्हिएतनामांत पांच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होते. युद्ध न्याय्य मानणारासही त्याची किंमत पाहतां आली पाहिजे, ही त्यांची भूमिका आम्हांस पटते. डोव्हरची मनाई २००९ सालीं संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनीं उठविली, आणि कुटुंबाची संमति असेल तरच चित्र घ्यावें असा नियम घातला. इतकी साधी गोष्ट सुचण्यास अठरा वर्षें लागलीं.

आपल्या देशांत १९९९ च्या कारगिल युद्धानें हा प्रश्न घरोघरीं आणला. पूर्वींच्या लढायांत अंत्यविधि बहुधा रणभूमीजवळच होत. या वेळीं पार्थिव देह त्या त्या गांवीं पाठविण्यांत आले, आणि टेलिव्हिजननें ते सर्व देशास दाखविले. अंत्ययात्रांस पुढाऱ्यांची रीघ लागली. त्यांत शोकानें कोण आला आणि छायाचित्रासाठीं कोण आला, हें आम्हीं सांगण्याची आवश्यकता नाहीं. गांवकऱ्यांस तें बरोबर कळतें.

परंतु नांव छापावें कीं नाहीं, हा वाद नांवास किंमत असेल तेथेंच उद्भवतो. महाराष्ट्रांतून पहिल्या महायुद्धास गेलेल्या पुष्कळ शिपायांच्या वांट्यास तेंही आलें नाहीं. पुण्याच्या ६ व्या डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसापोटेमियांत लढल्या. कूत येथील वेढा २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागतींत संपला, आणि नंतर कैदेंतही पुष्कळ लोक मेले. साम्राज्यांतील मृतांच्या स्मारकांसाठीं १९१७ सालीं ‘इंपीरिअल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ स्थापन झालें होतें. हुद्दा, वंश वा धर्म यांवरून मृतांत भेद करावयाचा नाहीं, हें त्याचें तत्त्व. त्याप्रमाणें फ्रान्समधील नव्ह शापेल येथें १९२७ सालीं खुल्या झालेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी लोकांचीं नांवें कोरलेलीं आहेत. परंतु १९२९ सालीं बसरा येथें उघडलेल्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी अंमलदारांचीं कोरलीं, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आंकडा घातला. फ्रान्समध्यें पाहणारे डोळे होते. बसऱ्यास कोण जाणार! पानिपतचें तें पत्र पुन्हा एकदां, या वेळीं दगडांत, लिहिलें गेलें.

या संस्थेनेंच (आतां तिच्या नांवांत ‘इंपीरिअल’च्या जागीं ‘कॉमनवेल्थ’ आहे) २०२१ सालीं एका समितीचा अहवाल प्रसिद्ध करून ही गोष्ट कबूल केली. ४५ ते ५४ हजार लोकांचें स्मारक असमान रीतीनें झालें. शिवाय निदान १,१६,००० आणि कदाचित् ३,५०,००० पर्यंत लोकांचीं नांवें कोठेंच घातलीं गेलीं नाहींत, असें त्यांत म्हटलें आहे. हे बहुतेक हिंदी, आफ्रिकी आणि ईजिप्ती लोक होत. त्या काळच्या राज्यकर्त्यांची वर्णभेदाची वृत्ति यास कारण झाली, हेंही अहवालानें लपविलेलें नाहीं.

सातारा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतील कित्येक गांवांत त्या काळची एक दगडी पाटी आढळते. या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढेंच तीवर असतें. साताऱ्याजवळील अपशिंगे या गांवचे त्या युद्धांत ४६ जण पडले. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांच्या गांवीं अशी पाटी असेल त्यांनीं सुटींत ती वाचून यावी, आणि ते लोक कोणत्या घरचे होते हें वडीलधाऱ्यांस विचारावें. घरांतल्या जुन्या पेटींत त्या युद्धाचें वाटोळें पदक असेल तर त्याची कड उजेडांत धरून पाहावी. शिपायाचा नंबर, हुद्दा, पलटण आणि नांव हीं तेथें बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेलीं असतात. लढणारास तें पदक चांदीचें मिळे, आणि रस्ते खोदणाऱ्या, ओझीं वाहणाऱ्या मजुरास ब्राँझचें.