एक झगा, अनेक देशांचे टाके

दोरीवर वाळत घातलेले कपडे पाहिले की घरात कोण राहतं ते कळतं. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, जपानी आणि कोरियन कंपन्याही आल्या, आणि आमच्या चिंचवडच्या दोऱ्यांवर नऊवारी, सलवार-कमीज यांच्या शेजारी युकाताही दिसू लागला. युकाता म्हणजे जपान्यांचा सुती, सैलसर, पुढे एकावर एक घ्यायचा झगा.

खालच्या मजल्यावरच्या जपानी शेजारणीचा युकाता मी हातात घेऊन पाहिला. सगळं सरळ बेतलेलं! मुंढ्याला गोलाई नाही, त्यामुळे चिंध्याही नाहीत. किमोनोचं कापड जेमतेम ३६-३८ सेंटीमीटर पन्ह्याचं असतं. पूर्वी धुताना शिवण उसवून पट्ट्या सुट्या करत आणि पुन्हा शिवत.

या झग्याने प्रवासही केलाय बरं का! १७व्या शतकात जपानच्या शोगुनकडून डच व्यापाऱ्यांना असे झगे भेट मिळत. हॉलंडमध्ये त्यांची हौस इतकी वाढली, की तसेच झगे आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगीत छिटाचे होऊ लागले. इंग्रजांनी त्याला ‘बनियन’ म्हटलं, ‘बनिया’वरून. आपल्या गंजीफ्रॉकाला ‘बनियन’ हे नाव तिथूनच आलं म्हणतात.

मग मीही एक झगा बेतला, खादीचा. कडेला गोधडीचा धावदोरा. गळपट्टीवर धारवाडकडची कसुती, कारण तिच्या गवंती टाक्यात गाठ नसते आणि तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. गळपट्टी उलटली तरी चिंता नाही. बाह्यांवर फुलीचा टाका. आजीच्या उशीच्या अभ्य्रावरचा हा टाका पॅलेस्टाइनच्या बायका आपल्या झग्यावर पिढ्यान् पिढ्या घालतात. २०२१ मध्ये युनेस्कोने त्या कलेची दखल घेतली.

हे टाके काही फावल्या वेळेचे नव्हेत. जपानच्या उत्तरेला त्सुगारू भागात शेतकऱ्यांना सुती कपडे वापरायची बंदी होती. तिथल्या बायकांनी तागासारख्या विरविरीत कापडात सुती दोरा इतका दाट भरला, की थंडी आत येईना. आपल्याकडे जुनी लुगडी एकावर एक ठेवून गोधडी झाली, तीही गरजेतूनच.

भरतकाम आमच्या गल्लीतल्या दोघींनी केलं. दोघींचे नवरे चाकणला कंत्राटावर. मी वहीत तास लिहून ठेवले: ४६. प्रदर्शनात एका बाईंनी झगा निरखला आणि म्हणाल्या, ‘‘सातशेला द्या. घरबसल्या आवडीनेच करता ना?’’

कापडाचे पैसे सोडाच, नुसती मजुरी धरली तरी तासाला जेमतेम १५ रुपये! आमच्यातली एक पटकन म्हणाली, ‘‘ताई, कारखान्यात ओव्हरटाइमला कायद्यानं दुप्पट दर. आणि माझ्या टाक्याला नुसती ‘आवड’?’’

या पट्ट्यात तासाची किंमत पोराटोरांना ठाऊक आहे. शिफ्ट, भोंगा, पंचिंग यांवरच घरं चालतात. फक्त उंबऱ्याच्या आत बाईने सुई धरली, की घड्याळ बंद पडतं. तो झगा त्या दिवशी विकला नाही. आता प्रत्येक कपड्याला आम्ही चिठ्ठी लावतो: कोणता टाका, किती तास. काही जणी वाचून पुढे जातात, काही जणी घासाघीस थांबवतात.

तेव्हा मैत्रिणींनो, हातकामाचं काही घ्याल तेव्हा आधी उलटी बाजू बघा, मेहनत तिथे दिसते. आणि भाव करण्याआधी एवढंच विचारा, ‘‘किती तास लागले हो?’’