बेटांचा इतिहास सांगणारे प्रवाळ

सह्याद्रीचा काळा कातळ सर्वांच्या परिचयाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून तो बनला. ज्या तप्त स्थानातून हा लाव्हा आला असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, ते त्यानंतर विझले नाही. भारताचा भूपट्ट त्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात ज्वालामुखींची रांग निर्माण झाली. मालदीव बेटांचा पाया हा त्या रांगेचाच भाग होय. रीयुनियन बेटावर हे स्थान आजही धगधगत आहे.

परंतु मालदीवमध्ये काळा कातळ कोठेच दिसत नाही. दिसतात ती प्रवाळांची कंकणे व पांढरी वाळू. मग ज्वालामुखी गेले कोठे? अशा बेटांचा पाया हळूहळू खचतो, पण कडेचे प्रवाळ वर वाढत राहतात; शेवटी पर्वत बुडतो व कंकण उरते, असे चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली प्रतिपादन केले. प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे १९५२ साली खोल वेधन करण्यात आले, तेव्हा सुमारे १,४०० मीटर चुनखडीखाली ज्वालामुखी खडक लागून या मताला पुष्टी मिळाली.

१९८७ साली 'जोइडिस रिझोल्यूशन' या जहाजाने मालदीवच्या पूर्वेस वेधन केले. तेथे समुद्र दोन हजार मीटरांहून खोल आहे. तळाखाली सुमारे ५.७ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट सापडला आणि त्यावर प्रवाळभित्तीचा चुनखडक. प्रवाळभित्ती रचणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात व त्यांना सूर्यप्रकाश लागतो. म्हणून या भित्ती उथळ पाण्यातच वाढतात. अर्थात ही जागा एके काळी समुद्राच्या पृष्ठभागाजवळ होती. चुनखडकावर मात्र खोल समुद्रातील गाळ आहे. येथील प्रवाळांची वाढ थांबली आणि बेट बुडाले; शेजारी जेथे वाढ टिकली, तेथे बेटे राहिली.

जीवाश्मांची ही साक्ष केवळ भूतकाळापुरती नाही. लक्षद्वीपची बेटेही प्रवाळांच्याच चुऱ्याची आहेत आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहेत. १९९८, २०१० व २०१६ साली तापलेल्या समुद्रामुळे तेथील अनेक प्रवाळ पांढरे पडून मेले. एकीकडे समुद्राची पातळी चढत आहे. जिवंत प्रवाळ तिच्याबरोबर वाढू शकले, तरच बेटाची भूमी टिकेल.