पडणारच आहेत ते दात!

मुलाच्या दाढेत काळा खड्डा दिसला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘पडणारच आहेत ते दात, एवढं काय त्यात?’ या एका वाक्याने फार दाढा घालवल्या आहेत. दुधाच्या मागच्या दाढा पडतात दहाव्या ते बाराव्या वर्षी. तीन वर्षांच्या मुलाला त्यांच्यावर अजून सात-आठ वर्षं पोळी चावायची आहे. त्या आधीच काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकून जागा अडवतात आणि खालून येणारी कायमची दाढ वाकडी येते.

कीड म्हणतो खरी, पण दातात किडा नसतो. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताच्या कवचातली खनिजं विरघळवतं. लाळ ही झीज भरून काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास उसंत लागते. दिवसभर बिस्किट चघळणाऱ्या मुलाच्या तोंडात ती मिळत नाही. जेवणाबरोबर एक लाडू खुशाल द्या. तासातासाला काहीतरी तोंडात टाकणं थांबवा.

झोपेत तर लाळ फारच कमी होते. दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात सर्वांत आधी किडतात. खालचे जिभेच्या आडोशाने बहुधा वाचतात. सुरुवात होते हिरडीलगतच्या खडूसारख्या पांढऱ्या रेघेने. अधूनमधून वरचा ओठ उचलून उजेडात बघा. या टप्प्यावर दंतवैद्याकडे गेलात, तर कीड तिथल्या तिथे थांबवता येते.

आपल्याकडे दात घासणं हे सकाळचं काम. मला विचाराल तर एक वेळ सकाळचं राहिलं तरी चालेल, रात्रीचं चुकवू नका. आणि ते तुमच्या हाताने. ज्या चिमुकल्या हाताला वरणभात धड कालवता येत नाही, त्याला दाढेची आतली बाजू कशी सापडणार? मुलाचं डोकं मांडीवर घ्या आणि दोन मिनिटं घासा. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे काम आई-बाबांचंच.

पहिला दात दिसला की फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तिसऱ्या वर्षानंतर मटारएवढी. खळखळून चूळ भरायची आपली सवय इथे आड येते. फेस थुंकून टाकला की पुरे, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथे आधी दंतवैद्याला विचारा.

सहाव्या वर्षाच्या आसपास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांमागे आणखी एक दाढ डोकावते. ती कायमची असते, पण घरात तिला दुधाचीच समजतात. पूर्ण वर येईपर्यंत ती ओळीपेक्षा खाली असते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून निसटतो आणि तिच्या खाचांत अन्न अडकून बसतं. तोंड थोडं मिटायला सांगा, ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत सरकवा आणि तेवढी एक दाढ वेगळी घासा.