तिघेच होते म्हणे!

साठच्या दशकातल्या रॉक संगीताचे शौकीन कुर्ल्यात असतील असं सहसा कुणाला वाटत नाही. पण आहेत. नेहरूनगरात आहेत, कामानीच्या बाजूला आहेत, होली क्रॉस चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत तर पूर्वीपासूनच आहेत. बहुतेकांनी सत्तरी ओलांडलीय. कुणी प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निवृत्त झालेला, कुणी रेल्वेतून, कुणी बँकेतून. चार जण कट्ट्यावर जमले, की बोलणं गुडघेदुखीवरून निघतं आणि 'क्रीम' या बँडवर येऊन थांबतं. गिटारवर एरिक क्लॅप्टन, बेसवर जॅक ब्रूस, ड्रम्सवर जिंजर बेकर. मग आवाज चढतात. "अरे, तिघेच होते रे! तिघेच!"

या माणसांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या बोलण्यातलं निम्मं तरी दंतकथेतलं असतं. आणि गंमत अशी, की या दंतकथांनी त्या तिघांचा मोठेपणा वाढत नाही. त्यांनी घेतलेली मेहनत तेवढी झाकली जाते.

"सगळं तिघांनीच केलं"

रंगमंचावर तिघेच असत, हे खरं. स्टुडिओत मात्र कधीच तिघे नसत. 'डिझरायली गिअर्स' ही १९६७ची तबकडी न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत मोजक्या दिवसांत ध्वनिमुद्रित झाली. निर्माता होता फेलिक्स पापालार्डी, आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर टॉम डाऊड. या डाऊडनं आधी रे चार्ल्स आणि जॉन कोल्ट्रेन यांची ध्वनिमुद्रणं केली होती. तरुणपणी तर अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पातही त्यानं काम केलं होतं. लंडनचे स्टुडिओ तेव्हा चार ट्रॅकवर भागवत होते. इथं आठ ट्रॅकचं यंत्र होतं. म्हणजे एका गिटारवर दुसरी गिटार चढवायला ऐसपैस जागा. ज्या भरगच्च आवाजाला आपण 'तिघांचा आवाज' म्हणून मान डोलावतो, त्यात पुष्कळदा क्लॅप्टन स्वतःच्याच साथीला वाजवत असतो.

'व्हाइट रूम'च्या सुरुवातीला जो गंभीर, ताणलेला सूर ऐकू येतो, तो पापालार्डीच्या व्हायोलाचा. 'स्ट्रेंज ब्रू' हे गाणं मुळात 'लॉडी मामा' नावाच्या जुन्या ब्लूजवर बांधलेलं. त्याला नवे शब्द आणि नवा घाट दिला पापालार्डी आणि त्याची बायको गेल कॉलिन्स यांनी. गाजलेल्या बहुतेक गाण्यांचे शब्द पीट ब्राउन या कवीचे. त्याला बोलावलं होतं बेकरनं, स्वतःबरोबर गाणी लिहायला, पण सूर जुळला ब्रूसशी. तबकडीचं रंगीबेरंगी वेष्टन काढणाऱ्या मार्टिन शार्पनंही एक गाणं लिहून दिलं.

'सनशाइन ऑफ युवर लव्ह'च्या ठेक्यावरून तर वाद आहे. नेहमीच्या रॉकमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आघात येतो. इथं वजन पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर आहे. डाऊड सांगायचा, की हॉलिवूडच्या गावठी मारधाडपटांत रेड इंडियनांचे ढोल जसे वाजतात तसं वाजवून बघा, असं त्यानं सुचवलं. बेकरला हे कधीच मान्य नव्हतं. खरं कोण सांगत होतं ते ठरवायला मी कोण? पण खोलीत पाच-सहा डोकी चालत होती, एवढं यातून नक्की कळतं.

"क्रीम म्हणजे क्लॅप्टनचा बँड"

कट्ट्यावर ब्रूसचं नाव तिसऱ्या क्रमांकावर येतं. कधी कधी येतच नाही. प्रत्यक्षात बँडची कल्पना बेकरची. तो क्लॅप्टनकडे गेला. क्लॅप्टननं अट घातली, की गायला जॅक ब्रूस हवा. बेकरला हा घोट गिळावा लागला, कारण ग्रॅहम बॉन्डच्या बँडमध्ये असताना त्यानंच ब्रूसला काढून टाकलं होतं. पुढे बहुतेक गाणी ब्रूसच गायला. 'सनशाइन'ची ती जगप्रसिद्ध बेसची ओळही त्याचीच. जानेवारी १९६७मध्ये लंडनच्या सॅव्हिल थिएटरात जिमी हेंड्रिक्सला ऐकून तो घरी गेला आणि ती सुचली. ज्या वाक्यावर क्लॅप्टनचे भक्त हवेत गिटार वाजवतात, ते बेसवाल्यानं रचलेलं आहे.

'क्लॅप्टन इज गॉड' ही त्याला देव ठरवणारी भिंतीवरची अक्षरंसुद्धा क्रीमच्या काळातली नव्हेत. तो जॉन मायॉलच्या ब्लूज बँडमध्ये असतानाची ती गोष्ट.

"शिकलेले नव्हते, उपजतच होतं"

हा सर्वांत गोड गैरसमज. आपल्याकडे गाणं गुरूकडून शिकायचं आणि त्यांचं रॉक म्हणजे नुसती ऊर्मी, अशी एक सोयीची वाटणी आपण करून ठेवलीय. जॅक ब्रूस ग्लासगोच्या रॉयल स्कॉटिश अकॅडमीत चेलो शिकला होता. पूर्ण केलं नाही, पण पाश्चात्त्य अभिजात संगीताची बैठक त्याला तिथं मिळाली. बेकर जॅझचा ड्रमर. तो नोटेशन वाचायचा. फिल सीमन या ड्रमरनं त्याला आफ्रिकी तालवादनाच्या तबकड्या ऐकवल्या आणि तो नाद पुढे इतका वाढला, की सत्तरच्या दशकात बेकर थेट नायजेरियात लागोसला गेला, फेला कुटीबरोबर वाजवू लागला, तिथं त्यानं स्टुडिओही काढला. क्लॅप्टनला गुरू नव्हता, पण तबकड्या होत्या. सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवून अमेरिकेतल्या काळ्या ब्लूज वादकांची एकेक जागा त्यानं उचलली. आपल्या घराण्यांतही कानावरची तालीम मोजली जातेच की.

हे शिक्षण वाजवण्यात कुठं दिसतं, ते नीट बघण्यासारखं आहे. चार-पाच जणांच्या बँडमध्ये एक गिटार साथीचे स्वरगुच्छ वाजवत राहते, त्यामुळे दुसऱ्या गिटारला मोकळं फिरता येतं. तिघांत ही सोय नाही. क्लॅप्टन सोलोवर गेला, की खाली पोकळी पडणार. ब्रूसनं ती बेसनं भरली. मूळ स्वरावर ठाण मांडून बसणं हे बेसचं नेहमीचं काम त्यानं जवळपास सोडलंच. तो गिटारच्या ओळीला समांतर, कधी उलट दिशेनं जाणारी दुसरी चाल बांधत राहिला. चेलोवर बाख वाजवलेल्या माणसाला दोन चाली एकमेकींत कशा गुंफायच्या हे कुणी वेगळं सांगायला नको. बेकरच्या दोन्ही पायांखाली दोन बास ड्रम असत, म्हणून तळाचा आवाज त्याच्याकडूनही यायचा. तिघांचा आवाज मोठा वाटतो तो असा. निव्वळ मार्शल अँप्लिफायरच्या राक्षसी वॅटमुळे नव्हे. नाहीतर गणपतीत आमच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या स्पीकरच्या भिंतींतूनही असंच संगीत निघालं असतं!

उलट त्या वॅटनी नुकसानच केलं. शेवटी शेवटी तिघेही एकमेकांवर आवाज चढवू लागले. क्लॅप्टननं पुढे सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. एका कार्यक्रमात तो मध्येच वाजवायचा थांबला, आणि बाकीच्या दोघांच्या ते लक्षातही आलं नाही.

"फिलमोरची ती रात्र"

'व्हील्स ऑफ फायर' या १९६८च्या जोडतबकडीचा अर्धा भाग कार्यक्रमात मुद्रित केलेला आहे आणि वेष्टनावर 'लाइव्ह अॅट द फिलमोर' असं छापलंय. आमच्याकडचे एक गृहस्थ गेली पन्नास वर्षं त्या सभागृहाची थोरवी सांगताहेत. वस्तुस्थिती अशी, की चार तुकड्यांपैकी फिलमोरमध्ये झाला तो एकच, बेकरच्या ड्रम सोलोचा 'टोड'. बाकीचे तीन सॅन फ्रान्सिस्कोच्याच विंटरलँड सभागृहातले. त्यांतला 'क्रॉसरोड्स' सव्वाचार मिनिटांचा, आणि त्यातला गिटारचा सोलो म्हणजे आमच्या मंडळींची आरती. क्लॅप्टनला स्वतःला तो आवडत नाही. त्याच्या मते त्यात एका ठिकाणी त्याची मात्रा चुकलीय, दुसरी-चौथी धरायच्या ऐवजी तो पहिली-तिसरी धरून बसला. हे ऐकवलं तर कट्ट्यावर कुणी मानत नाही. कलाकारापेक्षा भक्ताला जास्त कळतं, हा आपला जुनाच दंडक.

"वर्षानुवर्षं गाजवली त्यांनी"

जुलै १९६६ ते नोव्हेंबर १९६८. अडीच वर्षंही नाहीत. बँड सुरू झाला तेव्हा क्लॅप्टन २१ वर्षांचा होता, ब्रूस २३चा, बेकर २६चा. चौथी तबकडी बाजारात आली तेव्हा बँड मोडलेला होता. पुढे २००५मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आणि न्यूयॉर्कला ते पुन्हा एकत्र आले. ब्रूसचं तोवर यकृतारोपण झालेलं, बेकरचे सांधे धरलेले. त्या कार्यक्रमाची डीव्हीडी आमचे लोक 'त्यात पूर्वीचा दम नाही' म्हणून बाजूला सारतात. मला उलट वाटतं. आवाज कमी ठेवल्यामुळे तिघेही एकमेकांना ऐकताहेत हे त्या डीव्हीडीत स्पष्ट कळतं, आणि वादनाचे बारकावे कळायला तीच जास्त उपयोगी आहे.

"आम्ही तेव्हाच ऐकलं होतं"

इथं जरा सांभाळून बोललं पाहिजे, कारण विषय सांगणाऱ्याच्या तारुण्याचा आहे. १९६७-६८मध्ये मुंबईत परदेशी तबकडी मिळणं सोपं नव्हतं. आयातीवर बंधनं होती, आणि आणली तर एखाद्या बोटीवरच्या नातलगानं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, तेव्हा या तिघांना वाजवताना बघायचा प्रश्नच नव्हता. आधार होता रेडिओचा आणि कलकत्त्याहून निघणाऱ्या 'जेएस' या तरुणांच्या साप्ताहिकाचा. क्रीमच्या तबकड्या ब्रिटनमध्ये पॉलिडॉरमार्फत विकल्या जात. ती कंपनी भारतात उतरली सत्तरच्या सुमारास, आणि तिचं नाव घरोघर गेलं ते १९७५च्या 'शोले'मुळे. आमच्यातल्या पुष्कळांनी क्रीम पहिल्यांदा ऐकला तो बँड मोडल्यावर, कुणाच्या तरी टेपवरून उतरवलेल्या टेपवर. त्यात कमीपणा काय? सैगलसुद्धा आपल्यातल्या बहुतेकांनी ते गेल्यावरच ऐकले.

मुंबईची पोरं नुसती ऐकत बसली होती असंही नाही. जेट्स, सॅव्हेजेस, कम्बस्टिबल्स असे बँड शहरात वाजवत होते. सिमला सिगारेटच्या नावानं 'सिमला बीट' स्पर्धा भरायची. मद्रास, कलकत्ता, बंगळूर, शिलाँगचे बँड तिच्यात उतरायचे. १९७० आणि १९७१ साली त्या वादनाच्या तबकड्याही निघाल्या. मराठी माणूस यात नव्हता, हा आणखी एक पोटगैरसमज. नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव, म्हणजे घरात मराठी रंगभूमी. ते रॉक बँडमध्ये गात होते आणि अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्यूडास रंगवला. २०१४मध्ये ते गेले, तेव्हा कट्ट्यावर मीच त्यांची आठवण काढली.

"आपल्याकडं तसे वाजवणारे नव्हते"

हे ऐकलं, की मात्र माझा तोल जातो. 'दम मारो दम'च्या सुरुवातीची ती गुंगवणारी गिटार आमच्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. वाजवली कुणी, म्हणून विचारा. गझलगायक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या भूपिंदर सिंग यांनी. त्यांचीच गिटार 'चुरा लिया है'मध्ये. केर्सी लॉर्ड, चरणजित सिंग, बेसवर टोनी वाझ, ड्रम्सवर लेस्ली गोडिन्हो ही माणसं रोज सकाळी ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत जात आणि पुढ्यात आलेला कागद वाचून वाजवत. कागद लिहिणारे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर. आठ ट्रॅक सोडाच, गायक आणि पन्नास-साठ वादक एकाच वेळी, एकाच टेकमध्ये मुद्रित व्हायचे. शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनचा गज घसरला, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. 'एका टेकमध्ये वाजवलं' याचं ज्यांना एवढं अप्रूप, त्यांनी ते इथं शोधायला हवं होतं.

बाहेरच्यांना मात्र या वादकांची किंमत कळत होती. जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन काम करून गेला. १९७२मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट आले आणि त्यांनी आपली दोन गाणी मुंबईच्या वादकांबरोबर मुद्रित केली. ती बाहेर आली थेट २०१५मध्ये. वेष्टनावर वादक म्हणून नाव काय, तर 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. फिलमोरची तारीख सांगणाऱ्यांनी त्या ऑर्केस्ट्रात कोण कोण बसलं होतं, याची एवढ्या वर्षांत कधी चौकशी केली नाही.

"तशी माणसं आपल्याकडं आलीच नाहीत"

तिघांचाच बँड काढायचा, हे क्लॅप्टनच्या डोक्यात कुठून आलं? १९६५मध्ये लंडनला त्यानं शिकागोच्या बडी गायला ऐकलं होतं, सोबत फक्त बेस आणि ड्रम्स. गिटार, गाणं आणि रंगमंच हे सगळं एकटा माणूस पेलतोय हे त्यानं तिथं पाहिलं. तो बडी गाय २०११मध्ये मुंबईत आला. पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात, त्याच मेहबूब स्टुडिओत, वयाच्या ७४व्या वर्षी पोलकाडॉटचा शर्ट घालून वाजवून गेला. कुर्ल्याहून वांद्रा म्हणजे रिक्षाचं अंतर. आमच्यातला एकजणही गेला नाही. तिकीट खिशाला जड होतं हे खरं, पण ते कारण कुणी दिलं नाही. दिलं ते असं : "तो क्रीममध्ये कुठं होता?"