"नैसर्गिकच आहे गं, मामी!"

श्रावणात माझ्या नणंदेची मुलगी चार दिवस राहायला आली होती. मार्गशीर्षात तिचं लग्न. पहिल्याच दिवशी लक्षात आलं, पोरगी अर्धीच पोळी खाते आणि जेवणाआधी पर्समधली डबी काढून दोन कॅप्सूल घेते. विचारलं तर म्हणाली, "वजनासाठी गं. आमच्या शेजारच्या काकू देतात. औषध नाहीये ते, नैसर्गिकच आहे. बघ, बेलाचा अर्क! तू नाही का सोमवारी महादेवाला वाहत?"

आता बेल म्हटल्यावर मी काय बोलणार? पोट बिघडलं की आजी बेलफळाचा मुरंबाच द्यायची. पण त्या डबीवरचा बेल वाचून मला हवाई बेटांवरची गोष्ट आठवली. मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते.

सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की चांगल्या धडधाकट माणसांची यकृतं अचानक निकामी होताहेत. सुरुवातीला असे सात रुग्ण होते. कारण सापडेना. चौकशी केल्यावर बहुतेकांच्या घरात एकच डबी निघाली, 'ऑक्सिएलीट प्रो'. वजन उतरवणारी. तिच्यात आधी एक वेगळं उत्तेजक द्रव्य होतं. त्यावर सरकारने आक्षेप घेतला म्हणून कंपनीने नवीन कृती आणली आणि त्यात घातलं 'एजेलिन'. हे द्रव्य बेलाच्या पानात असतं! फक्त डबीतलं पानातून काढलेलं नव्हतं, कारखान्यात बनवलेलं होतं.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यामुळे असल्या पूरक गोळ्या विकायला आधी परवानगी लागत नाही. मात्र घटक नवा असेल, तर तो सुरक्षित असल्याचा पुरावा विक्रीच्या ७५ दिवस आधी 'एफडीए'कडे द्यावा लागतो. कंपनीने तो दिलाच नव्हता. ऑक्टोबरमध्ये एफडीएने पत्र धाडलं आणि नोव्हेंबरमध्ये दुकानांतला माल परत घ्यावा लागला. तोवर एफडीएने तपासलेल्या ४६ नोंदींपैकी २७ जणांनी ही गोळी घेतल्याचं दिसलं होतं. त्यातला एक जण गेला, एकाला यकृत बदलावं लागलं. एजेलिननेच हे झालं का, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. तेव्हा बिचाऱ्या बेलाच्या माथी खापर नको! पण पान वाहणं वेगळं आणि त्याच्या नावाची पावडर रोज पोटात घालणं वेगळं.

भाचीची डबी उलटीपालटी करून पाहिली. आपल्याकडे अशा डबीवर 'एफएसएसएआय'चा चौदा आकडी परवाना क्रमांक लागतो. तो नव्हता. बनवणाऱ्याचा पत्ता म्हणून नुसतं शहराचं नाव. मी हे दाखवल्यावर ती फुरंगटलीच. "अठराशे रुपये गेलेत, मामी."

तिसऱ्या दिवशी रात्री मात्र भांडी पुसता पुसता हळूच विचारलंन, "लघवी काळ्या चहासारखी होतेय गं. त्याच्यामुळे असेल का?"

सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. एसजीपीटी साधारण चाळीसच्या आत हवं, हिचं दोनशेच्या वर. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. डॉक्टर छातीठोकपणे काही बोलले नाहीत, पण डबी आधी बंद करायला सांगितली. महिन्याभराने आकडा खाली आला. लग्नाचा ब्लाऊज थोडा सैल शिवायचा ठरला, एवढंच.

मग मी त्या काकूंना फोन लावला. भांडायच्या तयारीनेच. त्या म्हणाल्या, "अहो, इतक्या जणी घेतात, कुणाला काही झालेलं नाही. ह्याच पैशांवर मुलाच्या क्लासची फी जाते माझी." मी हवाईचं सगळं सांगितलं, भाचीच्या रिपोर्टचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फोन ठेवला.

मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मी स्वतः दोन वर्षं घेतेय हो. ती रक्ताची तपासणी कुठली म्हणालात? नाव लिहून घेते."