नव्या नाटकाचें माहेर

नाटक लिहून झालें कीं नाटककाराचें काम संपलें, अशी पुष्कळ सुशिक्षित मंडळींची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. कविता कागदावर पुरी होते. नाटक मात्र नटांच्या तोंडीं पडून चार प्रेक्षकांसमोर उभें राहिल्यावांचून पुरें होत नाहीं. कोणता प्रवेश लांबला, कोणतें वाक्य मनाला भिडलें नाहीं, भलत्याच ठिकाणीं हशा कां पिकला, हें लेखकाला घरीं बसून कळत नाहीं. तें कळण्यासाठीं जागा लागते, आणि नवोदितांना दुर्मिळ असते ती नेमकी हीच जागा.

यांत कोणाचा दुष्टपणा नाहीं. हा साधा जमाखर्चाचा प्रश्न आहे. मोठ्या नाट्यगृहाचें भाडें, जाहिरात, नेपथ्याची ने-आण आणि नटांची नाइट हा सारा खर्च तिकिटांतून निघावयाचा, तर शेंकडों खुर्च्या भराव्या लागतात. साहजिकच निर्माता ओळखीचा नट आणि ओळखीचा विषय शोधतो. मग ज्या नाटकाची रीतच नवी, त्यानें जावें कोठें? आपल्याकडे मुलीचें पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल आहे. नवखेपणीं तिला सांभाळून घेणारें घर असावें, हाच तींतील हेतु. नव्या नाटकालाहि असें माहेर लागतें.

मुंबईंत दादर स्टेशनाजवळच्या छबिलदास मुलांच्या शाळेचें सभागृह हें असेंच एक माहेर होतें. ‘रंगायन’ या संस्थेनें १९६७ सालीं विजय तेंडुलकरांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आणलें. पुढें त्याच वर्तुळांतील अरविंद व सुलभा देशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं ‘आविष्कार’ ही संस्था काढली, आणि १९७४ पासून छबिलदासच्या सभागृहांत तिचे प्रयोग होऊं लागले. सुलभाबाईंनीं याच शाळेंत शिक्षिका म्हणून काम केलें होतें. दिवसा जेथें विद्यार्थी वावरत, तेथें संध्याकाळीं नाटक उभें राही.

‘आविष्कार’नें ही जागा स्वतःपुरती राखून ठेवली नाहीं, हें आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. अमोल पालेकरांची ‘अनिकेत’, पुण्याची ‘थिएटर अकॅडमी’ अशा इतर मंडळ्यांनाहि तिचा लाभ झाला. व्यवस्थेचा भार अरुण काकडे यांनीं वर्षानुवर्षें वाहिला. येथें फिरता रंगमंच नव्हता, कीं व्यावसायिक नाट्यगृहाचा थाटमाट नव्हता; परंतु खर्च बेताचा असल्यामुळें प्रयोग फसला तरी मंडळी कर्जांत बुडत नसे. शिवाय जागा ठरलेली म्हणून प्रेक्षकांनाहि तिची सवय लागली. आज कांहीं तरी अपरिचित पाहावयास मिळेल, या तयारीनेंच ते येत. सुमारें दीड तप हा क्रम चालला. नंतर छबिलदास सुटलें, आणि ‘आविष्कार’नें माहीमच्या एका महापालिका शाळेंत बिऱ्हाड मांडलें.

असा उपक्रम परदेशांतहि झाला आहे. लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहांत १९५६ सालीं जॉर्ज डिव्हाइन यांच्या नेतृत्वाखालीं नव्या लेखकांना वाव देणारी मंडळी आली. दुसऱ्याच वर्षीं तिनें एक युक्ति काढली. रविवारीं रात्रीं नाट्यगृह मोकळें असे. त्या रात्रीं नेपथ्याचा खर्च न करतां, केवळ तालीम पुरी करून, नवें नाटक दाखवावयाचें. अर्नोल्ड वेस्कर यांचें ‘द किचन’ हें उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यावरील नाटक १९५९ सालीं असेंच रविवारीं झालें. त्यांत पात्रांची गर्दी मोठी, म्हणजे खर्चहि मोठा. १९६१ सालीं तें त्याच नाट्यगृहांत पूर्ण थाटानें रंगलें.

लेखकाला जागेबरोबर मार्गदर्शनहि हवें असतें. पुण्याच्या ‘थिएटर अकॅडमी’नें १९८५ ते १९९४ या काळांत, सतीश आळेकर यांच्या पुढाकारानें व फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्यानें, नव्या नाटककारांसाठीं आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांसाठीं योजना चालविल्या. जुहूचें ‘पृथ्वी’ नाट्यगृह शशी कपूर व जेनिफर केंडल यांनीं १९७८ सालीं उघडलें, तें गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मूळ मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगानें. तेथें जेमतेम दोनशें प्रेक्षक मावतात. पण हें लहानपणच नव्या नाटकाच्या पथ्यावर पडतें.

कोणी म्हणतील, यांतलीं बरींचशीं नाटकें पुढें टिकत नाहींत, मग हा खटाटोप कशाला? आमचें उत्तर असें कीं, नाटक पडावयाचेंच असेल तर तें लहान जागेंत, थोड्या खर्चांत पडणें इष्ट. लेखक त्यांतून शिकतो आणि दुसरें नाटक लिहावयास उरतो. मोठ्या नाट्यगृहांत तोंडघशीं पडलेला लेखक पुष्कळदां लेखणीच खालीं ठेवतो.

आमच्या वाचकांपैकीं कितीएक गृहस्थ व भगिनी शाळांच्या नियामक मंडळांवर असतील. शाळेचें सभागृह लग्नकार्याला दिल्यास उत्पन्न अधिक होतें, हें आम्ही जाणतों. शाळेचें छप्परहि पैशावांचून शाकारलें जात नाहीं. परंतु आठवड्यांतील एक ठराविक संध्याकाळ होतकरू नाट्यमंडळीला देणें अवघड नाहीं. आगाऊ भाड्याऐवजीं तिकिटांच्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा घ्यावा, तालमीसाठीं एखादा वर्ग द्यावा, आणि झाडलोटीची व सामानाची जबाबदारी मंडळीवर टाकावी. एवढ्यानें कोणतीहि शाळा बुडणार नाहीं.

उरलें काम प्रेक्षकांचें. घरांतील वडील मंडळींनीं मुलासुनांना आणि नातवंडांना घेऊन कधीं तरी अनोळखी लेखकाचें नाटक पाहावयास जावें. तिकीट काढून जावें, शेवटपर्यंत बसावें, आणि आवडलें नाहीं तें लेखकाला नीट शब्दांत सांगावें. पुढल्या प्रयोगाआधीं त्याला तेंच हवें असतें.